शालनला मी दिलेल्या गोळ्या

शालन मेटकरी गेली त्याला आता सहा आठवडे होतील. शाळेच्या मैदानावर सकाळची प्रार्थना चालू होती, मी रांगेच्या टोकाला उभी होते आणि खिशातला फोन थरथरायला लागला. प्रार्थनेच्या वेळी फोन काढणाऱ्यांना मी स्वतःच दम देते, म्हणून घेतला नाही. लागोपाठ तिसऱ्यांदा आला तेव्हा बाजूला झाले. तिचा थोरला भाऊ होता, फौजेतून निवृत्त होऊन गावी आलेला. तो मोजकंच बोलला. "नीलूताई, शाली गेली. मिरजेला न्यायला गाडी काढली हुती, तेवढ्यात... तुमी या." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि मुलींना कवायतीला उभं केलं. पुरी वीस मिनिटं आकडे मोजत राहिले. मग मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज दिला आणि साताऱ्याच्या स्टँडवर येऊन आटपाडीकडे जाणारी एसटी शोधायला लागले.

दोन आठवड्यांनी सांगलीत शोकसभा झाली. मंचामागे हा भला मोठा फ्लेक्स लावला होता आणि त्यावर शालन उडी मारून चेंडू बास्केटमध्ये टाकतेय असा फोटो. मूळ फोटोत तिच्या दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या आहेत, पण खाली पाहुण्यांची नावं घालायची असल्यामुळे पाय मांडीपासून कापले होते. सगळे बोलले. जे तिला ओळखत होते ते थोडं बोलले आणि जे ओळखत नव्हते ते खूप बोलले. 'जिद्द' हा शब्द इतक्यांदा आला की मला त्या शब्दाचीच शिसारी बसली. "वेदना गिळून ती मैदानात उतरायची," असं एकजण म्हणाला आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मग संघाची जुनी कॅप्टन म्हणून माझं नाव पुकारलं. मी उठले आणि काय बोलले? तेच. जिद्द, वेदना, मैदान. खाली बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. आपण किती खोटं बोललो हे मला त्या दाबलेल्या हातानं कळलं. सभेत जे बोलायला हवं होतं ते आता इथे लिहिते आहे, कारण इथे टाळ्या वाजवायची सोय नाही.

शालनला आमच्या सरांनी औंधला यमाईच्या यात्रेत हेरलं होतं. सर सांगायचे, सगळी गर्दी एका उंचीची आणि त्यातून एक डोकं वर, बांगड्यांच्या दुकानापुढे. आधी त्यांना पोरगा वाटला, जवळ गेले तर दोन वेण्या. आटपाडीच्या पलीकडचं धनगराचं घर. आधी मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायचे, नंतर थोडं डाळिंब लावून एका जागी बसलेले. तिची आई, जिला सगळे आक्का म्हणतात, तिनं सरांना तिथंच उभं करून विचारलं, "चेंडू टाकून काय मिळतंय?" सर म्हणाले, "राहणं, जेवण, शिक्षण. आणि पुढं नोकरी." आक्का म्हणाली, "मग न्या." आठवड्याभरात बारा वर्षांची शालन सांगलीला आमच्या क्रीडा वसतिगृहात आली. माझे वडील लोणंदला रेल्वेत कारकून होते, मी तिच्या आधी वर्षभर येऊन बसलेली. तिला माझ्या खोलीत टाकलं. पहिल्या दिवशी तिनं कॉटवर झोपून बघितलं, पाय बाहेर आले, मग गादी काढून जमिनीवर टाकली आणि म्हणाली, "हितं मावतंय मी."

खेळायला लागली तेव्हा दोन वर्षं आम्ही तिला हसलो. चेंडू हातात आला की मेंढरू धरल्यासारखी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायची, सोडायचीच नाही. पण तिसऱ्या वर्षापासून आमचं हसू बंद झालं. बास्केटखाली ती उभी राहिली की समोरच्या संघाच्या मुली उडी मारायच्या आधीच तोंड वाकडं करायच्या. मी लांबून चेंडू द्यायचा आणि तिनं वरच्या वर घ्यायचा, आमच्या संघाची अख्खी अक्कल एवढीच होती. एवढ्या अकलेवर आम्ही राज्य जिंकलं. लाकडी फरशीचं कोर्ट आम्ही टीव्हीत बघायचो. आमचं कोर्ट सिमेंटचं होतं, त्यावर ती दिवसाला दोनशे-अडीचशे उड्या मारायची, आणि वर गेलेलं माणूस खाली येतंच. सोळाव्या वर्षी तिचे गुडघे सकाळी वाकेनासे झाले. जिन्यावरून ती उलटी उतरायची, पाठ खालच्या पायऱ्यांकडे करून, आणि आम्हाला ते गमतीचं वाटायचं.

दुखण्यावरच्या गोळ्या आमच्या संघात आधीपासून होत्या. कुणी सुरू केल्या ते मला ठाऊक नाही, माझ्या आधीच्या कॅप्टनकडून पट्ट्या, स्प्रे आणि चिकटपट्ट्यांबरोबर ती पिशवी माझ्याकडे आली. सामन्याआधी सगळ्या गोल उभ्या राहायच्या आणि कॅप्टन एकेकीच्या तळहातावर गोळी ठेवायची. आम्ही त्याला प्रसाद म्हणायचो. उजव्या हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा, वर घोटभर पाणी. ज्यांचं काही दुखत नव्हतं त्याही घ्यायच्या, न घेतल्यास संघातली नव्हे असं वाटायचं. शालनला दोन लागायच्या, पुढे तीन. सरांना माहीत होतं का? सर त्या वेळी बुटाच्या नाड्या बघत उभे असायचे. मी त्यांना दोष देत नाही... नाही, देते. का देऊ नये? पण पिशवी माझ्या खांद्यावर होती.

विसाव्या वर्षी तिला एका सरकारी खात्याच्या संघात घेतलं, करारावर. वर्षभर खेळलं तर पुढच्या वर्षाचा करार, नाहीतर घरी. घरी सांगायला गेलो तेव्हा मीही बरोबर होते. आक्कानं विचारलं, "म्हंजी रोजगारावर?" शालन म्हणाली, "व्हय, रोजगारावरच." त्यापेक्षा नेमकं उत्तर मी नंतर कुणाकडून ऐकलं नाही. पुढे महिलांची एक खासगी लीग निघाली. रंगीत दिवे, नाच करणाऱ्या मुली, खेळाडूच्या पाठीवर तिचं नाव. शालन तिथं दोन हंगाम खेळली. मग पैसे लावणाऱ्यांना कंटाळा आला आणि लीग गुंडाळली. मालदीवला एका क्लबकडून महिनाभर जाऊन आली, आक्कासाठी शिंपल्यांची माळ आणली. पेपरात दोनदा फोटो आला. एवढी तिची कारकीर्द. ती ज्या ज्या संघात गेली तिथं कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर तसली पिशवी होतीच, आणि शालनला तर आता विचारावंही लागत नव्हतं. तिच्या स्वतःच्या पर्समध्ये स्टीलचा छोटा डबा असायचा.

आता जे लिहायचं आहे ते. राष्ट्रीय स्पर्धेचं शिबिर होतं, आम्ही दोघी बावीस-तेवीसच्या, मी राज्याच्या संघाची कॅप्टन. शिबिराला एक डॉक्टरबाई तपासणीसाठी आल्या होत्या, तरुण होत्या, कुणी त्यांना फारसं विचारत नव्हतं. त्यांनी शालनचे सुजलेले घोटे बघितले, लघवी तपासायला लावली आणि संध्याकाळी मला बोलावलं. सरांना नाही, मला, कारण सर बैठकीत होते. एक चिठ्ठी दिली, इंग्रजीत लिहिलेली. म्हणाल्या, "ह्या गोळ्या आजपासून बंद. ह्या मुलीच्या मूत्रपिंडांवर येतंय. पुढची तपासणी मोठ्या दवाखान्यात करून घ्या, टाळू नका." मी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. शालनला सांगितलं तर ती गोळी घेणार नाही, गोळी घेतली नाही तर उडी मारणार नाही, आणि ती उडी मारणार नसेल तर आमच्याकडे काय होतं? मी ठरवलं, सामना झाल्यावर सांगू. सकाळी गोल उभ्या राहिलो. तिनं हात पुढे केला. मी तीन गोळ्या ठेवल्या. तिनं कपाळाला लावल्या.

आम्ही तो सामना जिंकलो, पुढचा हरलो, रौप्यपदक मिळालं. त्या पदकाच्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या राखीव जागेतून शिक्षिकेची नोकरी लागली. आज मी जिथे प्रार्थनेला उभी राहते ती हीच नोकरी. शालनला करार होताच, म्हणून तिनं तेव्हा कुठे अर्ज केला नाही. आणि चिठ्ठीचं काय? परतीच्या गाडीत सगळ्या गात होत्या, शालन मधोमध बसून ताल धरत होती. आज नको, घरी गेल्यावर सांगू म्हटलं. मग माझं लग्न ठरलं. मग ती लीगमध्ये गेली, तिथं मोठमोठे डॉक्टर असतीलच की, असं मी स्वतःला समजावलं. चिठ्ठी वर्षभर पाकिटात होती. पाकीट बदललं तेव्हा ती मी फाडून टाकली.

चार वर्षांपूर्वी तिला मिरजेला दाखल केल्याचा फोन आला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आटपाडीहून एसटीनं जाऊन-येऊन. रजा मिळेल तेव्हा मी साताऱ्याहून जायचे. ती यंत्राला जोडून पडलेली असायची आणि पाय पलंगाबाहेर. तिथल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर विचारलं, "दुखण्यावरच्या गोळ्या किती वर्षं घेत होता?" ती म्हणाली, "पंधराएक असतील." डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "कुणी सांगितल्या होत्या?" शालननं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "माझं मीच." डॉक्टर गेल्यावर मी तिला चिठ्ठीचं सगळं सांगितलं. खूप वर्षं पाठ केल्यासारखं सांगितलं, मध्ये कुठे अडले नाही. ती छताकडे बघत ऐकत होती.

"मी तरीबी उतरले असते," ती म्हणाली. मला हलकं वाटलं, हे मान्य करते. मग ती म्हणाली, "पर मला इचारायचं हुतंस, नीलू."

त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही. मी आणलेली फळं तिला चालत नसत, ती शेजारच्या बाईच्या नातवंडांना द्यायची आणि मला शाळेतल्या मुलींच्या गमती विचारायची. कुणी क्षमा केली आहे की नाही हे समजायचं कसं? मला समजलं नाही. ती चांगली वागत होती, एवढंच. तिचं वागणं वाईट असतं तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या रविवारी आक्काला भेटायला गेले. घर तसंच आहे, पुढे डाळिंबाच्या चार ओळी, मागे गोठा. भाऊ तालुक्याला गेला होता. आक्का आता पंच्याहत्तरीच्या पुढे, उठताना जमिनीवर हात टेकते. तिनं चहा ठेवला, मी नको म्हणत असताना डाळिंब सोललं. मग कोनाड्यातून स्टीलचा डबा काढला, आतलं पाकीट दाबून एक गोळी काढली, कपाळाला लावली आणि तोंडात टाकली.

मी विचारलं, "आक्का, हे काय घेताय?"

"शालीच्या हायत्या. गुडघं लय धरत्यात, बाय. टाकून कशाला द्याच्या? ह्याच घेऊन तर पोर येवढी खेळली."

घरात कुणीच तिला सांगितलं नव्हतं. पोरीला किडनीचा आजार झाला, एवढंच तिला ठाऊक होतं. मी तिला सांगितलं, गोळ्यांचं. डॉक्टर म्हणाले होते की गोळ्यांनीच झालं असं शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही, तेही सांगितलं, कारण खरं सांगायचं तर पुरतं सांगावं. मग चिठ्ठीचंही सांगितलं. चहा उतू गेला तो आक्कानं उतरवला, फडक्यानं शेगडी पुसली.

"कागुद कुटं हाय?" तिनं विचारलं.

"फाडला."

"नीट वाचला हुतास का तवा?"

"व्हय."

तिनं चहा गाळला. मग डबा उचलून माझ्यापुढे ठेवला. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. म्हणाली, "मला वाचाय येत न्हाई. शालीला विंग्रजी येत नव्हतं. तुला येत हुतं."

मग तिनं मला चहा दिला आणि मी तो प्याले.

डबा आता माझ्याकडे आहे, साताऱ्याला, टेबलावर. आत एकच पाकीट आहे. त्याच्या चंदेरी पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत काय करू नये ते छापलेलं असतं. आपण गोळी त्याच बाजूनं दाबून बाहेर काढतो, त्यामुळे गोळी काढली की तिथली अक्षरं फाटतात. दोन गोळ्या शिल्लक आहेत, तेवढ्या जागेवरचं अजून वाचता येतं.