डोळे बांधले की चालायचं

माझ्या मेहुण्याइतका शब्दाचा पक्का माणूस गिरणेच्या दोन्ही काठांवर जन्मला नाही. जन्मला असं कुणी म्हणत असेल तर त्याला माझ्यापुढे उभा करा. वयानं माझ्याहून जरासा लहान, बुद्धीनं सहा वर्षांच्या पोराएवढा. गाव त्याला येडा म्हणे, पण माझ्यासमोर नाही, कारण माझा हात लवकर चालायचा. एकदा भडगावच्या बाजारात मी त्याला म्हटलं, छत्री धर, आलोच. तिकडे पाहुणे भेटले, त्यांच्या गाडीत बसून मी घरी आलो. दिवेलागणीला बायकोनं विचारलं, माझा भाऊ कुठं? परत गेलो तर बाजार उठलेला अन् हा मोकळ्या मैदानात छत्री धरून उभा. वर ऊन नाही, पाऊस नाही. रागावला नाही. हात बदलू का, एवढंच विचारलं.

शेजारच्या तेल्याच्या घाण्यावर तो बैल हाकी. गोल फिरून चक्कर येऊ नये म्हणून बैलाच्या डोळ्यांवर झापडं बांधतात, तो मान याचा. बांधताना बैलाच्या कानात काहीतरी सांगे. काय सांगतो म्हणून विचारलं तर म्हणे, ते त्याचं अन् माझं. तेल अंगात इतकं मुरलेलं, की पावसात उभा राहिला तरी पाणी त्याच्यावर टिकत नसे.

एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू वाढला. झापडं बैलाच्या शिंगांना बांधू लागला, तेव्हा मी त्याला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण नंतर डोळे बांधून काही दिवस निपचित पडावं लागेल. उठला तर हाही डोळा जाईल. याला जमेल का? ज्या सुरात विचारलं तो सूर मला आवडला नाही. मी म्हटलं, साहेब, तारीख सांगा.

घरी येताच तालीम सुरू केली. खाटेवर निजवून लुगड्याची पट्टी बांधली. गाठ बसली तसा हा उठला अन् खाटेभोवती गोल चालू लागला. पुन्हा निजवला, पुन्हा चालला. दम दिला, गूळ दिला. शेवटी मलाच समजावत म्हणाला, "दाजी, डोया बांधा म्हणजे चालनं पडस."

त्याचं चुकलं कुठं? जन्मभर त्यानं तेच पाहिलं होतं. दुसरीतून शाळा सोडलेला माणूस मी, समजावणं मला येत नाही. हट्टाला मात्र मी कुणाला हार गेलो नाही. तेल्याला सांगितलं, उद्या घाणा बंद.

"आबा, तुमनं डोकं ठिकानवर शे ना?" तेली म्हणाला.

सकाळी बैलाला झापडं बांधून लिंबाखाली बसवला. त्याच्या शेजारी मी माझे डोळे बांधून आडवा झालो. ज्या गावात मान ताठ ठेवून वावरलो, ते सारं गाव बघायला आलं. बाया पदराआड हसत होत्या, दिसत नव्हत्या, ऐकू येत होत्या. आबा, पेंड टाकू का, असंही एकानं विचारून घेतलं. मी हललो नाही. ऊन पायांवर आलं तेव्हा कुणीतरी जवळ बसलं. आधी बैलाची झापडं चाचपली, मग माझी पट्टी. मग माझ्या कुशीला आडवं होत म्हणालं, "मना डोयाबी बांधा."

दवाखान्यात ऑपरेशन झालं. पट्टीखाली तो गुमान पडून होता, पण जरा वेळानं हात लांबवून त्यानं माझं तोंड चाचपलं. माझे डोळे उघडे लागताच पाय खाटेखाली सोडू लागला. मी तिथल्या तिथं उपरण्यानं डोळे बांधले अन् खाटेला लागून फरशीवर आडवा झालो. नर्सबाईंनी विचारलं, बाबा, तुमचंही ऑपरेशन झालं का? म्हटलं, तसंच समजा. पट्टी निघेपर्यंत बायकोनं दोघांनाही हातानं भरवलं. तो हलला नाही. मीही नाही.

पट्टी सोडून डॉक्टरांनी बोटं दाखवली, पण त्यानं बोटांकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं बघत राहिला. किती वर्षं मी त्याला धुक्यातलाच दिसलो असेन, अजून काळ्या मिशांचा. माझ्या पांढऱ्या मिशीवरून त्यानं बोट फिरवलं अन् हळूच म्हणाला, "दाजी, तुम्ही तं धल्ला व्हई ग्यात."

म्हातारा म्हटलेलं मी कधी कुणाचं खपवून घेतलं नाही. त्याचं घेतलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यानं माझा हात धरला, म्हाताऱ्या माणसाचा धरतात तसा. मी तो सोडवून घेतला नाही.