देवघरातली कवडी

काय गाढवपणा केला म्हणून सांगू! आणि तोही पूर्ण निर्धाराने. आमच्या घराण्यात निर्धार भरपूर, चौकशी कमी.

गोकर्णला गेलो होतो. ओहोटीच्या वेळी खडकाखाली एक कवडी दिसली. अहाहा, काय तिची चकाकी! बाजारातल्या कवड्या तिच्यापुढे अगदीच पांढऱ्या फटक. देवीला कवडी प्रिय, म्हणून रुमालात गुंडाळली आणि बनशंकरी भागातल्या आमच्या घरी येऊन थेट देवीसमोर ठेवली.

दोन-चार दिवसांत घरात वास सुटला. वास म्हणजे? नाक धरून आरती! श्रावणात आमच्याकडे कांदासुद्धा बंद, आणि हा मासळीचा वास! मी ठरवलं, मूळ खणून काढायचंच. प्लंबर बोलावला. त्याने सिंक उघडलं, मोरी उपसली.

"पाइप येल्ला सरी इदे, सार."

म्हणजे पाइप निर्दोष! मग दोषी कोण?

वरच्या मजल्यावर मानसी आणि तिचा नवरा भाड्याने राहतात. दोघं आयटीत, मूळचे मालवणचे. मालवण म्हटल्यावर आणखी पुरावा कशाला हवा?

"अहो, आधी विचारा तरी," बायको म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? नाक आहे ना मला!"

फाटकावर पाटी ठोकली: 'टू लेट. ओन्ली व्हेज.' मग मानसीला खाली बोलावलं. बिचारी रडवेली झाली.

"काका, आत्ता कुठे बस्तान बसलंय आमचं. कुठे जायचं आम्ही?"

"ते तुमचं तुम्ही बघा!"

तेवढ्यात तिने नाक वर केलं. हुंगत हुंगत सरळ देवघरापाशी गेली आणि कवडी उलटी करून पाहिली.

"काका, ही जिवंत उचललीत?"

"कवडी? जिवंत?"

"अहो, समुद्रातली गोगलगाय असते ही. कवडी म्हणजे तिचं घर. आत मरून पडलीय बिचारी." मग हळूच म्हणाली, "आणि श्रावणात आम्हीपण मासे खात नाही, काका."

मी हात जोडले. देवीला की मानसीला, माझं मलाच कळेना. ऐन श्रावणात, देवघरात, सोवळं नेसून मी रोज मेलेल्या गोगलगायीला फूल वाहत होतो!

कवडी नारळाच्या आळ्यात पुरली आणि पाटी काढायला धावलो. बायको फाटकात उभी.

"राहू द्या ती पाटी," ती म्हणाली. "ओन्ली व्हेज ना? मग वरचे राहतील. तुमची बॅग भरायला घेतलीय मी."