चंदनाचा हार आणि सफरचंदाचा शिरा

गेल्या शनिवारी खराडीला जाऊन आले आणि तेव्हापासून डोकं जाग्यावर नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून इथे लिहितेय...

आमच्या चर्चमध्ये अमेरिकेहून एक ग्रुप आला होता, मिशन ट्रिपवर. त्यातल्या मार्गारेटबाई एका संस्थेमार्फत इथल्या एका मुलीच्या शिक्षणाचा भार आठ वर्षं उचलतायत. त्यांना त्या घरी न्यायचं आणि दुभाष्याचं काम करायचं, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं. मी कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. म्हटलं, त्यात काय एवढं!

कर्वेनगर ते खराडी, पुण्याची दोन टोकं, म्हणजे निम्मा परदेशप्रवासच. वाटेत बाई बोलत होत्या. मूलबाळ नाही. दीड वर्षापूर्वी नवरा गेला, पाठोपाठ स्वतःचं मोठं आजारपण... त्यात मुलीला पत्रं लिहिणंही थांबलं. मधेच म्हणाल्या, उद्या मी गेले तर कुणाला कळणारसुद्धा नाही. मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि खिडकीबाहेर बघितलं.

घर म्हणजे पत्र्याची एकच खोली, पण लख्ख. वडील कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, ते हिंजवडीला ड्युटीवर. घरात आई वंदना, मूळची यवतमाळकडची, आणि नववीतली तेजल. कोण येणार त्याचं नाव संस्थेने कळवलेलं नव्हतं... नियम आहे म्हणे. फक्त 'परदेशी पाहुण्या' एवढंच.

आत शिरले तर समोर भिंतीवर मार्गारेटबाईंचाच फोटो. आजारपणाच्या आधीचा, दाट केस, भरलेले गाल. आणि त्याला चंदनाचा हार!

फोटोला असा हार कधी घालतात ते तुम्हाला सांगायला नको. मला घाम फुटला. बाई मात्र इतक्या खूश, की त्यांनी फोटोखाली उभं राहून सेल्फी काढला आणि मला विचारलं, हा हार कशाचा? तीस वर्षांचं इंग्रजी पणाला लावून मी एवढंच म्हटलं, "रिस्पेक्ट."

अगदी खोटं नव्हतं. पण खरं तरी कुठे होतं?

तेवढ्यात वंदनाने मला हळूच विचारलं, "मॅडम, ह्या त्यांच्या बहीण काय? चेहरा थोडा तसाच वाटते." मग उलगडा झाला. पत्रं थांबल्यावर तेजलने संस्थेत चौकशी केली होती, तेव्हा 'त्यांच्या घरी मृत्यू झालाय' एवढंच उत्तर मिळालं. पत्र लिहिणारी एकच, म्हणजे गेली ती तीच, असं यांनी धरलं. मदत पुढे चालू राहिली ती नातेवाइकांकडून, असा समज.

आता मी काय करायचं? बाईंना सांगावं तर गाडीतलं ते वाक्य कानात वाजत होतं. न सांगावं तर जिवंत बाई स्वतःच्या हाराखाली बसून चहा पितेय... मी आपली दोन्हीकडे बघून हसत बसले, वेड्यासारखी.

शेवटी बाईंनीच पर्समधून एक डायरी काढली आणि पहिल्या पानावर तेजलसाठी दोन ओळी लिहिल्या. तेजलने पान बघितलं आणि ती उभीच राहिली. "आई, अक्षर तेच आहे गं! ह्या त्याच आहेत!"

वंदना स्टूल ओढून वर चढली आणि तिने हार काढला. "पाप झालं वो माझ्या हातून..." हात जोडून रडायलाच लागली. मला म्हणाली, "मॅडम, यांना नका सांगू. रागावल्या तर पोरीची शाळा सुटन." पण बाई माझ्याकडेच बघत होत्या. खोटं बोलायची ताकद संपली होती. सगळं सांगून टाकलं.

बाईंनी वर फोटोकडे बघितलं. मग एकच प्रश्न विचारला, मी गेले असं कळल्यावर यांनी काय केलं?

तेजल दोन दिवस जेवली नव्हती. आणि तिथी माहीत नाही म्हणून वंदनाने सर्वपित्रीला सासूबाईंच्या पानाशेजारी बाईंचं पान ठेवलं. सफरचंदाचा गोड पदार्थ आपल्याला फार आवडतो, असं बाईंनी कधीतरी पत्रात लिहिलं होतं. तो कसा करतात ते हिला कुठे ठाऊक? तिने सफरचंद घालून शिरा केला. कावळा लगेच शिवला म्हणे.

कावळ्याचं इंग्रजी येतं हो मला. पण कावळा शिवण्याचं? घाम गाळून तेही समजावलं. वंदना डोळे पुसत म्हणाली, "मरणाची खोटी बातमी आली म्हणजे आयुष्य वाढलं म्हणा यांचं." तेही सांगितलं.

मार्गारेटबाई आधी हसल्या, मग रडल्या, आणि मग त्यांनी तो शिरा मागितला. तेजल धावत जाऊन सफरचंदं घेऊन आली. आपल्याच पानावरचा पदार्थ बाईंनी दोनदा मागून खाल्ला. निघताना हारही मागून घेतला, घरी नवऱ्याच्या फोटोला घालायला.

हसावं की रडावं, मला अजून कळलेलं नाही. परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे कळलं असतं कुणाला तरी."

आमच्यात पान ठेवत नाहीत. तरी रविवारी मुलाचा टोरांटोहून फोन आला तेव्हा विचारलंच, मला सगळ्यात जास्त काय आवडतं रे? तो म्हणाला, "पोहे?"

पोहे त्याच्या बाबांना आवडायचे.

वंदना, तू कधी न भेटलेल्या बाईची आवड एका पत्रातून लक्षात ठेवलीस. तुला माझा मनापासून नमस्कार... आणि मला पुरणपोळी आवडते, इथे लिहून ठेवतेय.