कोल्ड्रिंक प्यायलेला भात

सांगू की नको यार, कारण सांगितलं की तुम्ही महिनाभर मला त्याच नावाने हाक मारणार. पण चहा आलाच आहे, तर ऐका. इतका मोठा पचका माझा मीच करून घेतलाय की दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

आमच्या एव्हरशाईनच्या बिल्डिंगमध्ये काहीही तुटलं की लोक आधी माझं नाव घेतात. लिफ्टचं बटण, खालच्या काकांच्या स्कूटरचा आरसा, झेंड्याची काठी. बंटी! बरोबरच असतं म्हणा. मी हात लावला की वस्तू जीव सोडते.

आणि अशा माणसाच्या भरवशावर माझ्या ताईने, मयूरीने, गच्चीवर भाताच्या कुंड्या आणून ठेवल्या. ती शेतकी कॉलेजात शिकते. तिथल्या जाळीघराचं छप्पर वाऱ्याने उडालं, म्हणून भात आमच्याकडे पाहुणा. आणि दहावीत गटांगळी खाल्लेला मी राखणदार!

"पाणी घालायचं, बस. हात लावायचा नाही. रविवारी मॅडम बघायला येणारेत. माझं अख्खं वर्ष या कुंड्यांत आहे, बंट्या."

मग तिने मला शिकवायला घेतलं. झाडाच्या प्रत्येक पेशीला म्हणे भिंत असते. भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात, म्हणून काडी वाऱ्यात वाकते पण मोडत नाही. हे धागे विणायचं काम जीन करून घेतात.

मी चटईवर आडवा. वर ढग, खाडीकडून येणारा वारा, कानाशी भाताची सळसळ. मला दिसायलाच लागलं राव! हिरव्या काडीच्या आत इवले इवले विणकर, माग मांडून बसलेत, चकचकीत धागा सोडतायत, मध्येच एकमेकांना तंबाखू देतायत... ताई म्हणाली, "पण या भातात ना..." तिच्या त्या 'पण'पर्यंत मी गच्चीवर होतो. पुढे मी विणकरांच्या गावात.

दुसऱ्या दिवशी ताई कॉलेजला गेली. मी गच्चीवर, हातात कोल्ड्रिंकची मोठी बाटली. मनात आलं, विणकरांना पण तहान लागत असेल ना? दिलं वाटून! प्रत्येक कुंडीत एकेक घोट. "चिअर्स" पण म्हणालो. मग ढग बघत बघत डोळा लागला. स्वप्नात सगळे विणकर ढेकर देत होते.

उठताना आळस दिला आणि हात लागला भाताला.

कट्!

काडी वाकली नाही हो! पापडासारखी मोडली. दुसऱ्या कुंडीत करंगळीने हळूच ढकललं. कट्! तिसरीला नुसतं विचारलं, "तू बरी आहेस ना?" आणि बोट लावलं. कट्!

आई रोज ओरडते, "कोल्ड्रिंक पिऊ नको, हाडं ठिसूळ होतील." माझी राहिली बाजूला, मी भाताची हाडं ठिसूळ केली होती!

ताईचं अख्खं वर्ष!

मग डोकं चाललं. आमच्या मामाचं शेत खाडीच्या बाजूला आहे, त्याचा भातही तेवढाच उंच. आजारी भात मुळासकट गोण्यांत भरला, रिक्षा केली. मामा जेवून मांडवाखाली घोरत पडलेला. ऊन कसं मऊ होतं, बगळे चिखलात ध्यान लावून उभे, आणि वारा आला की सगळं शेत झोपेत कूस बदलल्यासारखं हलायचं. मी हळूच बांधाजवळचा धडधाकट भात उपटला. खड्डे दिसले तर मामा सोलून काढेल, म्हणून तिथे आमचा आजारी लावला. गच्चीवर येऊन कुंड्या पुन्हा भरल्या. इतकं निगुतीने काम मी जन्मात केलं नव्हतं!

रविवार. मॅडम आल्या. ताईने ऐटीत एक काडी धरली आणि वाकवली.

भाताने वाकून नमस्कार केला आणि परत ताठ उभा.

"बघा मॅडम," मी मागून, "काय तब्येत आहे!"

ताईने दुसरी वाकवली. तिसरी. तिचा चेहरा पांढरा पडत चाललेला.

मॅडम हळूच म्हणाल्या, "मयूरी, हा मोडायला हवा ना?"

"मोडायला?" मी म्हणालो.

"अरे, याचा सेल्युलोजचा जीन बिघडलेलाय!" ताई किंचाळली. "म्हणून तर वाढवला! सांगितलं नव्हतं तुला?"

सांगितलं होतं की! त्या 'पण'च्या पुढे.

तिचे डोळे भरले आणि मी सगळं ओकलो. कोल्ड्रिंकसकट. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मामा!

"मयूरी, तू शिकलेली हायेस, तूच सांग. बांधाकडचा भात हात लावला की मोडतोय! पानी तेच, खत तेच. कुनी करनी केली का? भगताला बोलवू?"

"मामा, कशालाही हात लावू नको!" ताई ओरडली. मॅडम तर चप्पल घालून जिन्यात पोचल्यासुद्धा.

शेतावर बघतो तर काय! मोडणाऱ्या प्रत्येक रोपाशेजारी मामाने काठी रोवून लिंबू-मिरची टांगलेली. शोधायची गरजच नाही! वरच्या काड्या बऱ्याच मोडल्या होत्या, पण मुळं जगली होती आणि बुंध्यातून नवीन फुटवे वर येत होते. ताई चिखलात बसून एकदम हसत होती आणि रडत होती.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ये रे. एक तू मोड. माझी परवानगी आहे."

मोड! मला! अख्ख्या आयुष्यात असं कुणी म्हणालं नव्हतं. ताईने मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला. मी बाह्या सरसावल्या, हिरोसारखा पुढे झालो, काडी धरली आणि जमिनीला टेकेपर्यंत वाकवली. मोडेना. आणखी जोर लावला. हातातून सुटली आणि चिखलासकट सटकन माझ्या तोंडावर!

"आरं शान्या," मामा बांधावरून म्हणाला, "लिंबू बघून मोड ना. तो माझा हाय!"