बायकोच्या पोटाचा व्हिडिओ

बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोचं पोट मी जेवढं पाहिलं नसेल, तेवढं मेडिकल कॉलेजातल्या पोरापोरींनी पाहिलंय. तेही दिवसाढवळ्या, मोठ्या पडद्यावर, आणि तिची सही घेऊन.

मी शिंपी. कानडी मुलखात, बसवनगुडीत ब्लाउज शिवतो. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी वाचायला शिकलो ते देवळातल्या भजनाच्या वहीवरून, म्हणून माझं लिहिणं थोडं टाळ कुटल्यासारखं वाटेल. मशीन मी चालवायचो, हातशिलाई तिची. हुक, काज, साडीचे फॉल. बायका माप माझ्याकडे द्यायच्या आणि नवऱ्याची गाऱ्हाणी तिच्याकडे. दुकान नेमकं कशावर चालत होतं ते मला आजही ठाऊक नाही.

तिच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली. हर्निया. वर्षभर तिनं ती पदराखाली दडवली. शेवटी कॉलेजच्या दवाखान्यात नेली. तिथल्या सर्जन बाई शिकवायच्यासुद्धा. तपासून झाल्यावर म्हणाल्या, "अक्का, ऑपरेशनचा व्हिडिओ काढला तर चालेल का? मुलांना शिकवायला. तुमचा चेहरा दिसणार नाही."

"चेहरा का नाही?" ही म्हणाली. "चेहरा बरा आहे माझा. पोटाचंच काही खरं नाही."

मी म्हटलं, "अगं, लाज?"

"तुम्ही स्वल्प गप्प बसा. पोट माझं आहे."

सही करून मोकळी झाली.

इंजेक्शन पाठीत दिलं होतं, म्हणजे छातीखाली सगळं बधिर आणि तोंड चालू. हिच्या बाबतीत हे धोक्याचं, हे मी आधीच सांगितलं होतं, पण माझं कोण ऐकतो? डॉक्टरीणबाईंनी डोक्याला कॅमेरा बांधला होता, कोलारच्या खाणीत उतरणारे दिवा बांधायचे तसा. दीड तासानं हिला बाहेर आणलं तेव्हा ओठ सुकलेले, पण डोळे चमकत होते.

"शिकवून आले त्यांना," म्हणाली.

"काय शिकवलंस?"

"शिवायला."

पुढे हे तिनं शेजारीपाजारी, भाजीवाल्याला, जावयाला, सगळ्यांना सांगितलं आणि दर वेळी गोष्ट वाढत गेली. महिन्याभरात ऑपरेशन जवळजवळ तिनंच केलं होतं. त्यामुळे मी नीट कधी ऐकलंच नाही. ही माझी चूक, आणि ती मी इथं लिहून ठेवतो.

दहा महिन्यांनी ती गेली. पोटानं नव्हे, छातीनं. सकाळी कॉफी ठेवली आणि खुर्चीत बसली, एवढंच. त्यात कोणाचा दोष नाही. माझा राग कोणावर काढावा ते कळेना, म्हणून भेटायला येणाऱ्यांवर काढला. एक जण म्हणाला, "पुण्यवान हो, पटकन सुटल्या." मी म्हटलं, "मग तुमच्या बायकोलाही असंच पुण्य लाभो." तो पुन्हा आला नाही. बरं झालं.

मग एक गोष्ट ध्यानात आली आणि मी हादरलो. तिचा आवाज कुठेच नव्हता. माझा फोन बटणांचा. लेकीच्या फोनमध्ये फोटो ढीगभर, बोलणं एकही नाही. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती ताट घेऊन दोनदा जाते, तोंड हलतं, आणि वरून फोटोवाल्यानं सिनेमाचं गाणं घातलंय.

के. आर. पुरमहून लेक आली तेव्हा म्हणाली, "बाबा, फोटो आहेत ना."

"फोटो बोलतो का? ती गप्प बसलेली मला सहनच होत नाही. जन्मभर सवय नाही."

आणि तेव्हाच तो पोटाचा व्हिडिओ आठवला. जागेपणी केलेलं ऑपरेशन. दीड तास. म्हणजे तोंड चालू असणारच.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन बसलो. डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. ही गेल्याचं कळलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग मी काय हवं ते सांगितलं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "व्हिडिओ आहे. आवाज नाही."

"नाही म्हणजे?"

"मुलांना दाखवायचा असतो ना. पेशंटची ओळख पटू नये म्हणून तिचं बोलणं काढून टाकतो. त्याजागी मी माझं समजावणं घातलंय."

"मग काढलेलं कुठंय?"

"पुसलं. कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या ऑपरेशनला लागतं."

मी काही शिकलेला माणूस नाही. तोंडात आलं ते बोललो. "डॉक्टरम्मा, आम्ही ब्लाउज शिवला तरी उरलेली चिंधी गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालून देतो. बोटभर असली तरी. ती त्यांची असते. तुम्ही माझ्या बायकोची चिंधी केरात टाकली."

बाई लाल झाल्या. रागानं की कशानं, कळलं नाही. म्हणाल्या, "सरी, बरोबर आहे तुमचं. चूक झाली. आहे तेवढं बघणार का?"

मला वर्गात नेलं. लांब टेबलं, प्रत्येकावर चामड्यासारखा रबराचा तुकडा, आणि पोरंपोरी वाकड्या सुईनं टाके घालत बसलेली. सुई हातात नाही, चिमट्यात! एकाचे टाके असे होते की मी त्याला चहाची फडकीसुद्धा शिवायला दिली नसती. तोंड आवरलं.

पडद्यावर पोट आलं. हिरव्या कापडाच्या चौकोनात एवढंसं. माणूस म्हणून काही कळत नव्हतं, पण मला कळलं. त्यावर लेकीच्या बाळंतपणाच्या पांढऱ्या रेघा होत्या, त्या मी ओळखणार नाही तर कोण? वरून बाईंचं इंग्रजी चाललेलं.

एक गोष्ट मात्र मनाला पटली. कॅमेरा बाईंच्या डोक्यावर, म्हणजे हात आपलेच असल्यासारखे दिसतात. मीही शिकणाऱ्याला कधी समोर बसवत नाही, शेजारी बसवतो. समोर बसून शिकला की सगळं उलट्या हातानं शिकतो आणि जन्मभर उलटंच शिवतो. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगदी हेच. आधी समोरून काढायचो, मुलांच्या गाठी उलट्या पडायच्या."

मग हातमोज्यातले दुसरे हात शिवायला लागले. शिकाऊ डॉक्टरचे. टाका घातला, दोरा ओढला, अजून ओढला. कडा चुरमडायला लागली. मी खुर्चीतून पुढे सरकलो. आणि एकदम तो हात थांबला. हवेत, तसाच. मग हळूच दोरा सैल सोडला आणि गाठ नुसती बसवली. सुरेख बसली.

"हात का थांबला?" मी विचारलं.

बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अक्का ओरडल्या."

"तिला दिसत होतं?"

"वरच्या दिव्याची कड चकचकीत असते, त्यात दिसतं. आमच्या लक्षात नव्हतं. त्यांच्या होतं."

"काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांगा."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "म्हणाल्या, ओढू नको, नुसता बसव. गोणी शिवतोयस का? आणि शेवटी एक मराठी शब्द म्हणाल्या. मुडद्या. प्रेमानं म्हणतात ना तसं?"

ऑपरेशनच्या टेबलावर उताणी पडून, पोट उघडं, आणि डॉक्टरला मुडद्या. मला हसू आलं आणि ते थांबेना. चष्मा काढावा लागला.

"आणि इथं इंग्रजीत तुम्ही काय बोलताय?" मी विचारलं.

"हेच. दोरा ताणू नका, कडा नुसत्या जवळ आणा, नाहीतर रक्त पोचत नाही."

"म्हणजे अक्कल तिची, आवाज तुमचा."

बाई म्हणाल्या, "खरं आहे. मी मुलांना अठरा वर्षं हे सांगतेय, पण त्या दिवशी माझ्या आधी त्या बोलल्या."

"मग तेवढ्या जागेवर तुमचं बोलणं काढा."

"तिथं काही राहणार नाही, अण्णा. नुसती शांतता."

"राहू दे. तिची जागा आहे ती. तुम्ही कशाला बसलात तिथं?"

मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी संगणकाजवळ बसलेल्याला काहीतरी सांगितलं, त्यानं दोन-चार बटणं दाबली, आणि पोरांना हातातलं काम ठेवायला सांगून बाईंनी तो तुकडा पुन्हा लावला. इंग्रजी चाललं, चाललं, आणि बंद झालं. हात दोरा ओढतोय. थांबला. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा. दोरा सैल झाला. गाठ बसली. मग पुन्हा इंग्रजी.

मला वाटलं होतं, त्या शांततेत मला काहीतरी ऐकू येईल. काही आलं नाही. खोटं कशाला लिहू?

पण पुढच्या टेबलावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅम, हात मध्येच का थांबला? काही चुकलं होतं का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळा वर्ग माझ्याकडे पाहायला लागला.

"सांगा," मी म्हटलं. "शिवीसकट सांगा."

बाईंनी सांगितलं. अक्का कोण होत्या, काय करायच्या, दिव्यात कसं पाहिलं, सगळं. शेवटच्या शब्दाला त्यांची कानडी जीभ अडखळली, आणि ते असं निघालं की जणू त्या पेढा देतायत. मी म्हटलं, "शिवी अशी नाही, डॉक्टरम्मा. हाताखालचा माणूस कापड नासतोय आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे, तशी." त्यांनी पुन्हा म्हटली. वर्ग हसला. मी मान हलवली, अजून नाही. त्यांनी कंबरेवर हात ठेवला, श्वास घेतला आणि दणकून म्हटली.

तिसऱ्या खेपेला तिच्या बरंच जवळ आलं.