आठ दिवसांचा हिरा

बसा हो, चहाला अजून वेळ आहे. तोवर माझ्या हातून झालेला एक अस्सल गाढवपणा सांगते. हसा पोटभर, पण माझ्या सुनेपुढं बोलू नका. ती मला शहाणी समजते!

दुष्काळाच्या आदल्या सालातली गोष्ट. देवळाली प्रवरेला आमचा ऊस नुकताच फॅक्टरीला गेलेला आणि माझ्या डोक्यात एकच खूळ, हिऱ्याची चमकी.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या बायकोला हिरा कुठून सुचला? माझं माहेर अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या अंगाला. धरणावरच्या साहेबाच्या बाईकडं मी लहानपणी अंडी पोचवायला जायचे. तिच्या नाकात हिरा होता. तिनं मान वळवली की भिंतीवर उजेडाचा ठिपका उडायचा. ती विचारायची, "अंडी किती आणलीस?" आणि मला आठवायचंच नाही! लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी ते खूळ जाईना. भाकरी थापतानासुद्धा नाकाला हात जायचा आणि गाल पिठानं भरायचा. हवा होता हो मला! का, ते विचारू नका.

आमचे हे म्हणजे साधे माणूस. "ऊस गेला की घेऊ," असं चार वर्षं म्हणत होते. त्या साली मी त्यांना शब्दात पकडलंच. पण आत्या! आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

"ज्वारीच्या दान्यायेवढ्या खड्याला दोन तोळं सोन्याचं पैसं? आन उद्या पडला, तर उकिरड्यात हुडकत बसायचं का?"

चार दिवस मी तोंड पाडून बसले, तेव्हा कुठं तयार झाल्या. पण अट घातलीच. "हिरा लाभावा लागतो, सुमन. आठ दिस घरात ठिवायचा. काई वंगाळ घडलं, की माघारी!"

नगरला सराफाच्या पेढीवर आम्ही तिघं गेलो. शेठ म्हातारा, समजूतदार. त्यानं मखमलीवर दोन खडे ठेवले. एक मोठा, एक बारका. भाव मात्र सारखाच.

"मग मोठाच द्या की!" मी म्हणाले.

"बाई, मोठा आहे, पण पिवळट आहे. पोटात काळा डागही आहे, हे भिंग लावून बघा. बारका स्वच्छ आहे. पैलू नीट पाडलेत, म्हणून लखलखतो. हिऱ्याचं नुसतं वजन बघून चालत नाही." मग खरा कसा ओळखायचा तेही शिकवलं. "तोंडाची वाफ सोडा. हिऱ्यावरची लगेच उडते, काचेवरची बसून राहते."

केवढं ज्ञान मिळालं मला! बारका ठरला, आत्यांनी आठ दिवसांची अटही शेठला सांगितली. शेठनं आतून चमकी आणून दिली, मी ती नाकात घातली आणि आरसा हातात घेतला. संपलं! शेठ पुढं ह्यांच्याशी काहीतरी बोलत होता, पण मला कुठलं ऐकू येतंय? आत्या तर केव्हाच पायरीवर जाऊन वहाणा शोधत होत्या.

दुसऱ्याच दिवशी म्हशीनं पान्हा चोरला. चरवीत तळ झाकेल एवढंसुद्धा दूध नाही! मी मागच्या दारानं शेजारच्या सखूकडून दूध आणलं आणि चरवीत ओतलं.

"आज दूध वाढलं का गं?" आत्यांनी विचारलं.

"हिऱ्याचा गुण, आत्या!"

झालं! एकदा तोंडातून निघून गेलं, मग थांबायचं कुठं? पुढं मुंगसानं आत्यांची लाडकी कोंबडी नेली, तर ती उसाच्या कडेला अंड्यांवर खुडूक बसलीय म्हणून ठोकून दिलं.

चौथ्या दिवशी हे कालव्याच्या काठावरून घसरले. पाय मुरगळून टम्म सुजला. मी त्यांना अंगणातच अडवलं.

"लंगडायचं न्हाई!"

"अगं, पाऊल टेकवंना!"

"आत्या ओसरीवर हायेत. नीट चालायचं. आन हसायचं!"

चालले हो बिचारे! घामानं डबडबलेले, दात काढत ओसरी पार केली. आत्या कौतुकानं म्हणतात कशा, "आज माझा भावसाहेब लई खुशीत हाय!"

एका दुपारी मी गोठ्यामागं जाऊन चमकी काढली आणि वाफ सोडली. वाफ बसून राहिली. पदरानं पुसली, पुन्हा सोडली. पुन्हा बसली! शेठचं बोलणं मी विसरले होते का? मुळीच नाही. पण म्हटलं, भाकरीबरोबर कांदा खाल्लाय, वाफ जड झाली असेल. घ्या! मला तो हिराच असायला हवा होता, दुसरं काय?

सातव्या दिवशी शेवगावला दिलेल्या नणंदेचं पत्र आलं. आत्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं वाचायचं काम माझ्याकडं. पत्रात काय? सासूशी कडाक्याचं भांडण, मला न्यायला या. आणि मी वाचलं काय? "सासूबाई लई जीव लावतात. माहेरची आठवणसुद्धा येत नाही."

आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. खरं सांगते, त्या वेळी मला माझीच लाज वाटली. ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "परवा जाऊन वन्संना घेऊन या. पण परवा! उद्या आठवा दिवस हाय."

आठव्या दिवशी पुन्हा पेढी. आत्या बसायच्या आधीच सुरू झाल्या. "शेठ, लई लाभला! म्हस चरवीभर दूध देती, ल्योक हसत फिरतोय, लेकीची सासूसुदिक सुदरली!"

शेठनं तिजोरीतून एक पुडी काढली, मखमलीवर उलगडली. आत तो बारका खडा. "हा तुमचा हिरा. नाव घालून ठेवला होता. ती नाकातली काच काढून द्या."

"काच?"

"मापाची चमकी ती, बाई, नाकाला बसते का ते बघायला दिलेली. पैसे आल्याशिवाय खरा हिरा पेढीबाहेर जात नाही. त्या दिवशी सांगितलं होतं की!"

मी ह्यांच्याकडं बघितलं.

"मला वाटलं, तुमा दोघींना म्हाईत हाय," हे म्हणाले. आठ दिवसांत तोंड उघडलं नाही या माणसानं!

आत्या मात्र विचारात पडल्या. "म्हंजी ह्ये समदं काचंनं केलं? मंग ह्यो कशाला? लाभलेली टाकून द्यायची आन ह्यो न्यायचा? ह्याचा गुन कुनाला ठावं?"

"आत्या, हाही आठ दिवस ठेवून बघू की!"

"नगं बाई! पोरीचं आत्ता कुठं बरं चाललंय."

आता वाट एकच होती. म्हैस, कोंबडी, पाय, पत्र, सगळं तिथंच ओकून टाकायचं. काच बदनाम झाली असती आणि हिरा मोकळा. मी तोंड उघडलंसुद्धा! पण आत्यांचा चेहरा असा फुललेला, आणि हिरा माझ्या हातापासून जेमतेम वीतभर. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, तो इतका जवळ आला होता. नुसता हात पुढं करायचा.

"बोल की गं," आत्या म्हणाल्या. "लाभली का न्हाई काच?"

"लई लाभली, आत्या."

शेठनं पुडी मिटली. काचेचे पैसे देऊ लागलो, तर हात जोडून म्हणाला, "राहू द्या, मापाच्या चमकीचे कसले पैसे?" म्हणजे बघा! जी काच नुसती मागितली असती तरी फुकट मिळाली असती, तिच्यासाठी मी आठ दिवस घसा कोरडा पडेपर्यंत खोटं बोलले!