बाबांनी पेट्रोल सांगितलं

"पंपावर आधी खाली उतरायचं आणि मोठ्याने 'डिझेल' सांगायचं," मला गाडी शिकवताना बाबा म्हणाले होते.

आज वर्तकनगरच्या पंपावर पंचाहत्तरीचे बाबाच म्हणाले, "पेट्रोल, फुल!" शेजारी बसलेली मी फोनवर होते. अर्धी टाकी भरल्यावर लक्षात आलं.

गाडी टो करून वागळे इस्टेटमधल्या गॅरेजला नेली. टाकी रिकामी करताना मेकॅनिक हसला. "काका, डिझेलच्या गाडीत पेट्रोल कोणी टाकायला सांगितलं?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिने! हिचं लक्षच नसतं."

"हो दादा, माझंच चुकलं," मी म्हटलं.

ज्यांचे बाबा अजून गाडी चालवतात, त्यांना मी दोष का घेतला ते कळेल. बाबा नाहीच म्हणतील, तरी आज जेवताना विचारणार आहे: "बाबा, यापुढे गाडी मी चालवू का?"